अळूच्या पानाखालचा चुका

फार पूर्वी परसातल्या भाज्या एकमेकींशी भांडायच्या, तेव्हाची गोष्ट. वेणूकाकूंच्या मोरीमागे अळू चांगलंच माजलं होतं. त्याच्या पायाशी आंबट चुक्याचं इवलंसं रोप होतं, आणि तेच अळूच्या डोळ्यांत खुपायचं.

"माझ्या एका पानाखाली तू अख्खा झाकला जातोस. इथे तुझं काय काम?" असं म्हणून अळूने पानं पसरली. चुक्याला ऊन मिळेना. तो पिवळा पडला.

एके दिवशी काकू फदफदं करायला अळू काढायला आल्या. चुका शोधला, तर दोनच मरतुकडी पानं. अळूची खाज मारायला घरात चिंचही नव्हती. "राहू दे, आज नुसत्या अळूचंच करू," म्हणत त्या आत गेल्या.

पहिल्याच घासाला सासरे खोकत उठले. "सूनबाई, घशाला खाज सुटली! सवड झाली की ते अळू मुळासकट खणून टाक."

खिडकीखाली अळूने ते ऐकलं. पानावरचं पाणी थरथरलं. मग मुकाट्याने त्याने एकेक पान बाजूला झुकवलं.

काही दिवसांनी काकू कुदळ घेऊन आल्या. अळूच्या मधोमध ऊन उतरलं होतं आणि त्यात चुका तरारून उभा होता. काकूंनी कुदळ भिंतीला टेकवली आणि दोन्ही भाज्या खुडून नेल्या. त्या दिवशी सासऱ्यांनी फदफदं पुन्हा मागून घेतलं.

मोरीमागे अळूने हळूच विचारलं, "ऊन पुरतंय ना रे?"

"पुरतंय," चुका म्हणाला, "पण भर दुपारी एक पान डोक्यावर धर. चटका बसतो."