अर्ध्या कहाणीची मूठ

कहाणी अर्धी टाकून उठणाऱ्याचे काय होते, ठाऊक आहे का तुम्हाला? नसेल, तर हातात चार तांदळाचे दाणे घ्या, मूठ मिटा आणि ऐका.

एका राज्यात भीमकेतू नावाचा राजा होता. राजा मनाने चांगला, पण घाईचा. त्याच्या दरबारात एकदा धूमा नावाची चेटकीण आली. तिचे अर्धे केस काळे, अर्धे पांढरे. एक डोळा उघडा, एक मिटलेला.

“राजा, कहाणी सांगते. मुठीत तांदूळ धर. संपेपर्यंत उठू नकोस.”

राजाने मूठ मिटली. कहाणी निम्म्यावर आली, तोच सेवक धावत आला. “महाराज, डोंगरात धनाचे हंडे सापडले!” राजा ताडकन उठला. तांदूळ भुईवर सांडले.

धूमा म्हणाली, “उठलास ना? आता तुझ्या राज्यात काही पुरं होणार नाही.” असे म्हणून ती धूर होऊन गेली.

हंड्यांत वर सोने निघाले, खाली कोळसा. तिथून सुरुवात झाली. भाकरी एका बाजूनेच भाजे. दही अधमुरे राही. आभाळात रोज अर्धचंद्र. राजाला अर्धशिशी जडली. न्हाव्याचा हात निम्म्यात थबके, म्हणून सेनापती एकाच बाजूची मिशी घेऊन फिरे. पोरे त्याला विचारीत, “सेनापती, दुसरी मिशी लढाईत पडली का हो?” सुरुवातीला लोक हसले. मग माणसे अर्धपोटी निजू लागली आणि हसणेही निम्म्यावर थांबले.

राजकन्या सुवर्चलेचे लग्न मणिध्वज राजपुत्राशी ठरले होते. अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टके म्हटली, ती अर्ध्यावर आली आणि त्यांची जीभ अडखळली. अंतरपाट काही केल्या खाली येईना. मुहूर्त आले, मुहूर्त गेले. अंतरपाटाखालून सुवर्चलेला नवऱ्या मुलाची पावले तेवढी दिसत. उजव्या अंगठ्यावर तीळ होता. तोंड कसे आहे, देव जाणे.

शेवटी तिने मुंडावळ्या सोडल्या. “बाबा, मी धूमाकडे जाते. ती कहाणी कुठवर आली होती?”

राजाने मान खाली घातली. “मी... ऐकत नव्हतो गं.”

प्रधानाला विचारले, पंडितांना विचारले. सगळे म्हणाले, कहाणी फार सुंदर होती. आठवेना मात्र कुणालाच. तेव्हा दरबारात टांगलेल्या पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, “मला आठवते. मला सोडा.”

साळुंकी पुढे, सुवर्चला मागे. अशा दोघी धूमाच्या गुहेपाशी पोहोचल्या.

धूमा म्हणाली, “तुझ्या राज्यातल्या तीन पुऱ्या वस्तू आण. पहिली, मूठभर अखंड तांदूळ.”

राज्यात तर तांदळाची निव्वळ कणी झालेली. सुवर्चला मुंग्यांच्या वारुळाशी गेली. त्यांनी शापाआधीचे दाणे साठवले होते.

मुंग्यांची राणी म्हणाली, “फुकट नाही मिळायचे.”

“माझ्या लग्नाचा गूळ देते.”

“मग न्या.”

“दुसरी वस्तू,” धूमा म्हणाली, “पुरं पाणी.”

विहिरी अर्ध्या, घागरी अर्ध्या. भरायला जावे तो पाणी निम्म्यावर थांबे. सुवर्चला पहाटे अळूच्या वाफ्याशी बसली. पानावर दवाचा थेंब होता. तिने बोट लावले, थेंबाचे दोन झाले. दोन्ही वाटोळे, दोन्ही पुरे. अर्धा थेंब असा काही नसतोच! ती खुदकन हसली आणि पान जपून गुहेत घेऊन आली.

“आणि तिसरी?”

“तिसरी इथंच द्यायची, पोरी. पुरं ऐकणं. बस.”

सुवर्चलेने तांदूळ मुठीत धरले. धूमाने विचारले, “कुठवर आलो होतो?”

साळुंकी घडाघडा बोलली, “एक पोर होती. जेवताना आईवर रुसली, भरल्या ताटावरून उठली आणि चेटूक शिकायला गेली. भुकेली राहिली, अर्धी म्हातारी झाली. मग परत आली आणि आईच्या दाराची कडी वाजवली. इथे महाराज उठले.”

धूमाचा आवाज कापला. “कडी वाजवली...”

“हं,” सुवर्चला म्हणाली.

तोच गुहेच्या तोंडाशी सनई वाजली. तिथे अंतरपाटासारखा पडदा उभा राहिला आणि त्याखाली दोन पावले दिसली. उजव्या अंगठ्यावर तीळ. “सुवर्चले! अंतरपाट सुटतोय. आत्ता ये, नाहीतर पुन्हा कधीच नाही!”

तिचा जीव तळमळला. गुडघे उठायला निघाले. पण समोर धूमाचा उघडा डोळा तिच्याकडे लागला होता, दारात उभ्या पोरीसारखा. सुवर्चलेने मांडी घट्ट केली.

“हं. मग?”

पावले विरली. धूमा सांगू लागली, “आईनं दार उघडलं. ताट झाकून ठेवलेलं होतं. म्हणाली, अर्ध्यावरून उठली होतीस. बस, जेव.”

“हं. मग?”

“मग पोर पोटभर जेवली.”

धूमाचा मिटलेला डोळा उघडला. सगळे केस पांढरे झाले. ती हसत हसत रडली. “सात राजांना सांगितली मी ही कहाणी. शेवट माझ्याही तोंडी आज पहिल्यांदा आला. कहाणी पुरी झाली गं, माझीही आणि तुझीही. जा, आधी मांडवात जा.”

सुवर्चला पोहोचली तो चौघडा वाजत होता. सेनापती दोन्ही मिशांना पीळ देत होता. भटजींनी शेवटचे मंगलाष्टक खणखणीत म्हटले आणि अंतरपाट सर्रकन खाली आला.

मणिध्वज म्हणाला, “पावलांवरून मी तुम्हाला कुठेही ओळखलं असतं.”

“मी तर ओळखलं होतं,” सुवर्चला म्हणाली, “आणि तरी उठले नाही.”

मुठीतले ते तांदूळ तिने त्याच्या डोक्यावर टाकले. पंगतीत पहिले पान धूमाला वाढले. राजा स्वतः तिच्यासमोर पंखा घेऊन बसला आणि ती हात धुऊन उठेपर्यंत जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्चलेच्या आईने, राणीने, गाडग्यावरचे झाकण काढले. दही घट्ट लागले होते.