दाबलेला पाय

एकदा एक संगीतशिक्षक नवा सिंथेसायझर जोडायला बसला, तो रागावूनच. त्याचे नाव हेरंब. गावातल्या महिलांच्या समूहगायनाचा तो मार्गदर्शक होता. स्पर्धा तीन दिवसांवर आली होती आणि आदल्याच दिवशी त्याने मुख्य गायिकेला, कुमुदताईंना, तालमीतून हाकलून दिले होते. दुसऱ्या कडव्याची सुरुवात त्यांची पुन्हा चुकली, एवढाच अपराध. "घरी जा आणि भांडी घासा," असे तो सगळ्या बायकांसमोर म्हणाला. पन्नाशी उलटलेली ती बाई आयुष्यात पहिल्यांदाच रंगमंचावर गाणार होती. वही मिटून ती मुकाट्याने निघून गेली. मला अशा शिक्षकांची मनस्वी चीड आहे आणि ती मी लपवणार नाही. विद्येचा अधिकार मिळाला की जिभेचा लगाम सोडून द्यावा, असे यांना कोणी सांगितले?

रात्रीपर्यंत बाकीच्या बायकांचा निरोप आला. ताई नसतील तर आम्हीही येणार नाही. हेरंबाचा भडका उडाला. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार आणि खापर मात्र आपल्या माथी! अशा मनःस्थितीत त्याने सकाळी सभागृहात सिंथेसायझरचे खोके फोडले. स्टँड डुगडुगला, त्याने स्टँडला शिवी दिली. वायर आखूड निघाली, वायरीलाही दिली. माहितीपुस्तिका थर्माकोलसकट कोपऱ्यात भिरकावली. पेडलची पिन मागे खुपसली, पेडलवर पाय रोवला आणि बटण दाबले.

हे पेडल म्हणजे पायाने दाबायचा एक खटका. तो दाबून धरला की बोट उचलले तरी सूर रेंगाळत राहतो, पाय काढला की थांबतो. इथे सगळे उलटे घडू लागले. पाय दाबला की सूर पटकन तुटे आणि पाय उचलला की मागचे-पुढचे सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका होई. हेरंबाने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. तेच. तिसऱ्यांदाही तेच. बंद-चालू करताना पेडलवर रोवलेला पाय मात्र त्याने एकदाही काढला नाही.

त्याने दुकानदाराला फोन लावला. "बिघडलेलं पेडल गळ्यात मारलंत! लोकांना काय मूर्ख समजता?"

"साहेब, चालू करताना तुम्ही..." एवढेच तो बिचारा बोलू शकला. हेरंबाने फोन बंद केला.

दारात नागेशमास्तर उभे होते. हेरंबाचे गुरू, वय ऐंशीच्या घरात. मास्तरांनी उभा जन्म पेटी शिकवली, पेट्या दुरुस्त केल्या, आणि अलीकडे ही विजेवरची वाद्येही उघडून पाहिली होती. सकाळीच दोन बायका त्यांच्यापाशी येऊन रडून गेल्या होत्या. आता दारातून त्यांनी सगळा प्रकार पाहिला होता.

"मास्तर, बघा ना, कसला माल पाठवलाय!"

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली, गुडघ्यावर हात देत ते जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी शिष्याचा पाय धरला.

हेरंब दचकला. "मास्तर! अहो, हे काय करताय? मला पाप लागेल!"

"लागू दे. गप्प बस." मास्तरांच्या आवाजाला धार होती. त्यांनी तो पाय पेडलवरून उचलला आणि बाजूला ठेवला. "आता यंत्र बंद कर. पाय तिथेच असू दे आणि मग चालू कर."

हेरंबाने तसे केले. पेडल दाबले, सूर रेंगाळला. सोडले, थांबला.

"म्हणजे बिघाड नव्हताच?"

"पेडलात नव्हता," मास्तर खालूनच म्हणाले. "चालू होण्याच्या क्षणी पेडल जसं असेल, त्यालाच हे यंत्र विसावा समजतं. तू पाय दाबून चालू केलंस, मग पुढे सगळं उलटं. तुझ्या तालमी मी ऐकल्यात, हेरंब. तू रोज ओरडतच आत येतोस. त्या बायकांना तुझं दुसरं रूप ठाऊकच नाही. म्हणून तू जोर लावलास की त्यांचा सूर तुटतो, आणि तू निघून गेलास तरी घरी पोळ्या लाटताना तुझं ओरडणं त्यांच्या कानात वाजत राहतं. भांडी घासा म्हणालास? लाज नाही वाटली?"

हेरंब उसळला. "तुम्ही मला असंच शिकवलंत! पट्टीनं बोटं सुजवलीत माझी. म्हणून तर आज मी वाजवतो!"

मास्तरांनी खालूनच त्याच्याकडे पाहिले.

"म्हणूनच खाली बसलोय. नऊ वर्षांचा होतास तू. पहिल्या दिवशी मी भावाशी भांडून आलो होतो. तुझा पहिलाच सूर चुकला आणि मी तुला मारलं. राग भावाचा होता. तू समजलास, शिकवणं म्हणजे हेच. त्या मारानं तू वाजवायला शिकला नाहीस, तो मार सोसून शिकलास. आज त्या बायकांचं ऐकून मला तुझा आला नाही इतका माझाच संताप आला. यंत्र बंद करून पुन्हा चालू करता येतं. माणसाच्या मात्र दारात जावं लागतं. ऊठ."

हेरंबाने आधी मास्तरांना हात देऊन उठवले. मग तो कुमुदताईंच्या घरी गेला. दार उघडून त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "या" म्हणाल्या नाहीत.

"ताई, माझं चुकलं. तालमीला या."

"माझ्या एकटीपाशी काय बोलता? तेव्हा सगळ्याजणी ऐकत होत्या." आणि दार लागले.

दुपारी चारला मास्तरांच्या शब्दाखातर सगळ्या जमल्या. कुमुदताई चपला न काढता दाराशीच थांबल्या. हेरंबाने त्या सगळ्यांसमोर हात जोडले, आदल्या दिवशीचे आपले वाक्य स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारले आणि त्याबद्दल क्षमा मागितली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. अपमानाचा राग असा चुटकीसरशी जात नाही, आणि जाऊही नये. बऱ्याच वेळाने कुमुदताई चपला काढून आत आल्या आणि त्यांनी वही उघडली.

"सर, दोन महिने विचारीन विचारीन म्हणत होते, हिंमत झाली नाही. दुसऱ्या कडव्याआधी श्वास कुठे घ्यायचा?"

हेरंबाने वही हातात घेतली. स्वरलेखन त्याच्याच अक्षरात होते. पहिल्या कडव्याचा शेवटचा स्वर आणि दुसऱ्याचा पहिला स्वर त्याने एकमेकांना चिकटवून लिहिले होते. मध्ये श्वासाला जागाच नव्हती.

त्याने मान वर केली. "ताई," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "चूक तुमची नव्हतीच."