पाणवठ्यावरची शिळा

शके सतराशे सव्वीस, वैशाख महिना. रानात एकच पाणवठा उरला होता. काठावरची शिळा हेच प्राण्यांचं व्यासपीठ. तिथं चढून दुसऱ्यासाठीच बोलायचं, स्वतःसाठी नाही आणि खोटं तर नाहीच, अशी रीत होती.

लांडगा खालूनच ओरडला, "कोल्हीण पाण्यात लोळली. हाकला तिला!"

रीतीमुळे कोल्हिणीला स्वतःसाठी शिळेवर चढता येईना. साळिंदराला आठवलं, वणव्यातून तिनंच आपल्याला बाहेर ओढलं होतं. ते शिळेवर चढलं.

"उतर रे काटेऱ्या!"

"खाली मी तुम्हाला भितो, लांडगेदादा. इथं खोटं बोलायला भितो. लोळलात तुम्हीच. पाठीवरचा चिखल अजून ओला आहे."

सगळ्यांनी लांडग्याची पाठ पाहिली. तो निघून गेला.

कोल्हीण पोटभर पाणी प्यायली. मगच साळिंदर खाली उतरलं. त्याचं ऋण फिटलं होतं.