गोठ्यातला रियाज

एका नदीकाठच्या गावात एक गाणारी बाई राहत होती. नाव बकुळाबाई. तिच्या बैठकीला पलीकडच्या काठावरून नावा भरभरून माणसं येत.

पण बाईंना एक खोड होती. दाद मिळाल्याशिवाय त्यांचं गाणं पुढे सरकत नसे. सम आली की त्या मान वळवून बैठकीकडे बघायच्या. कोणी ‘वा!’ म्हटलं की गळा खुलायचा. कोणी काही बोललं नाही, तर तीच जागा पुन्हा घ्यायच्या, आणि वाहवा वसूल केल्याशिवाय हलायच्या नाहीत. लोकांनाही हे ठाऊक झालं होतं. ज्या दिवशी घरी लवकर जायचं असे, त्या दिवशी लोक पटापट वाहवा देऊन मोकळे होत.

बाईंकडे त्यांच्या आईने बांधलेली एक चीज होती. ती जगात दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. पदरी शिष्या नव्हती, आणि अलीकडे वरच्या स्वरात बाईंचा आवाज चिरकू लागला होता. ‘हा गळा आता फार दिवस साथ देणार नाही,’ असं वैद्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. आईची चीज आपल्याबरोबरच सरणावर जाणार, हा विचार बाईंची पाठ सोडत नसे.

अशात गावात एक साहेब आला. त्याच्याजवळ गाणं भरून घेण्याचं यंत्र होतं. समोर मोठा कर्णा, मागे फिरणारी मेणाची तबकडी. कर्ण्यात तोंड घालून गायचं, की मेणावर सुई आवाज कोरत जायची. त्या मेणावरून पुढे कारखान्यात काळ्या तबकड्या निघायच्या आणि गावोगाव वाजायच्या. गावातल्या बड्या बुवांनी नाकं मुरडली. “गाणं म्हणजे काय कैरीचं लोणचं आहे, बरणीत भरायला?” असं म्हणाले. बकुळाबाई मात्र तबलजी दौलतमामांना घेऊन सरळ धर्मशाळेत गेल्या. तिथेच साहेबाने आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या टांगून आपलं यंत्र मांडलं होतं.

बाई गाऊ लागल्या. पहिलीच सम अशी सुरेख आली, की दौलतमामा ओरडले, “वा, बाई, वा!” ते ओरडणंही मेणावर उतरलं. तबकडी वाया गेली.

दुसऱ्या खेपेला साहेबाच्या दुभाष्याने सगळ्यांना ओठ मिटायला लावले. बाईंनी सम गाठली. सवयीप्रमाणे बाईंची मान वळली, तोंड कर्ण्यापासून बाजूला गेलं, आणि मेणावर स्वराऐवजी नुसती खरखर उमटली. तीही तबकडी वाया गेली.

साहेब कपाळाला हात लावून काहीतरी बोलला. दुभाष्याने सांगितलं, “बाई, आता एकच मेण शिल्लक आहे. उद्या सकाळी शेवटचं भरून घेऊ. मग साहेब जातो, तो काही परत येत नाही.”

बाई घरी आल्या त्या थेट गोठ्यात शिरल्या. केसांचा शेपटा त्यांनी खुंटीला बांधला, म्हणजे मान वळली की हिसका बसावा. समोर दोन म्हशी रवंथ करत होत्या. बाईंनी त्यांच्यापुढे चीज सुरू केली.

दौलतमामा दारातून म्हणाले, “अहो, काय मांडलंय हे? गाढवापुढे वाचली गीता, तशातली गत!”

“मामा, गाढवापुढेच वाचायला शिकायचंय मला,” बाई म्हणाल्या. “माणसांनी मला पार बिघडवून ठेवलंय.”

सम आली. मान वळली. असा हिसका बसला, की डोळ्यांत पाणी आलं. म्हशीने शेपटीने माशी हाकलली. बाईंनी दात आवळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपण इतकी वर्षं गात होतो, की भीक मागत होतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण गाणं थांबवलं नाही. दिवेलागणीला गडी धार काढायला आला, तेव्हा खुंटी तशीच होती, शेपटा तसाच बांधलेला होता, आणि मान मात्र हलत नव्हती.

सकाळी बाई कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या. दौलतमामांनी स्वतःवर विश्वास नको म्हणून उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला होता. सुई मेणावर टेकली. बाईंनी आईची चीज गायली. वरच्या स्वरावर गळा चिरकतो की काय असं वाटलं, पण बाईंनी तो नेटाने सांभाळला. समेवर सम येत गेली. बाईंची मान एकदाही वळली नाही. तबकडीच्या शेवटी गाणाऱ्याने नाव सांगायचा रिवाज होता, त्याप्रमाणे बाईंनी कर्ण्यात आपलं नाव सांगितलं, आणि सुई उचलली गेली.

साहेबाने मेणावरचा भुगा फुंकला आणि तो दोन शब्द बोलला.

“काय म्हणतो साहेब? आवडलं का त्याला?” मामांनी बोळा काढत विचारलं.

“त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही,” दुभाषा म्हणाला. “मेण नीट कापलं गेलं, एवढंच म्हणतो.”

“मग झालं तर,” बकुळाबाई म्हणाल्या आणि चपला घालून घरी गेल्या.

पुढे त्यांचा गळा गेला तो गेलाच. बऱ्याच वर्षांनी त्या तालुक्याच्या बाजाराला गेल्या होत्या. एका चहाच्या दुकानात तबकडी वाजत होती. आत माणसं दाटीवाटीने बसली होती, हातातला चहा निवत होता. बाईंनी चीज ओळखली. ओठांवर आली तशी त्या आपल्या घोगऱ्या आवाजात गुणगुणू लागल्या.

एका तरुणाने चिडून मागे पाहिलं. “आजी, जरा गप बसा हो! गाणं ऐकू द्या.”

इतकी मोठी दाद बकुळाबाईंना जन्मात मिळाली नव्हती. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि गप्प राहून आईची चीज शेवटपर्यंत ऐकली.

तात्पर्य: वाहवेकडे डोळे लावले की कामावरची नजर ढळते, जिद्दीने काम चोख करावं, दाद आपल्या पायांनी येते.