एका दमाची कबुली

ही गोष्ट फार जुनी आहे, इतकी जुनी की ती ज्या गावात घडली त्या गावाचे नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगराच्या कुशीत वसलेले, प्रभू येशूला मानणाऱ्यांचे ते एक लहानसे गाव होते.

त्या गावाच्या पूर्वजांना एका दुष्ट राजाने मानेवर तलवार ठेवून विचारले होते, "तुमचा देव कोण?" त्यांनी न अडखळता उत्तर दिले आणि प्राण दिले. तेव्हापासून गावात एक रीत पडली. वयात आलेल्या प्रत्येकाने पुनरुत्थानाच्या सणाला मंडळीसमोर उभे राहायचे आणि आपल्या विश्वासाची कबुली एका दमात, न अडखळता द्यायची. मगच त्याला प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटली जाणारी भाकर मिळायची. धीट पूर्वजांची आठवण म्हणून सुरू झालेली ही रीत पुढे पुढे नुसती जिभेची परीक्षा होऊन बसली. माणसे चांगल्या गोष्टीचीही कशी माती करतात पाहा!

त्याच गावात एक बाई राहत असे. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे नाव शांतवंती ठेवले होते, पण ते कुणाच्या तोंडी नव्हते. ती बोलताना अडखळायची, म्हणून सगळे तिला तोतरी म्हणत.

दर सणाला ती उभी राहायची. "मी वि... वि... वि..." एवढ्यावरच गाडे अडायचे. मग मंडळीचे धर्मगुरू, पाळकबाबा, तिच्या तोंडचे वाक्य स्वतःच पुरे करायचे आणि म्हणायचे, "बस, बाई. पुढच्या वर्षी बघू." पाळकबाबा मनाने वाईट नव्हते. त्यांची वाणी गोड आणि भरधाव होती, पण थांबणे त्यांना कधी जमलेच नाही. भाकर एकेकाच्या हाती पडत जायची आणि तोतरीच्या पुढून निघून जायची. तिचे केस पिकायला लागले, तरी तो घास तिला मिळाला नव्हता.

रोज ती गुडघे टेकून मनातल्या मनात म्हणायची, "प्रभू, माझ्या जिभेची गाठ सोडव. दुसरं काही मागत नाही." गाठ काही सुटली नाही. कधी कधी ती देवावर रागवायची, आणि मग रागावल्याबद्दल रडायची.

एका वर्षी गावात घशाचा रोग आला. गळा सुजायचा, शब्द आतच अडकायचे आणि शेवटी माणूस गुदमरून जायचा. कबरस्तानातली माती वाळायला सवड मिळेना.

मरणाऱ्याचे शेवटचे बोलणे ऐकायला पाळकबाबा घरोघर जात. रोग्याचे ओठ हलले की ते घाईने म्हणत, "हो, हो, तुम्ही सगळ्यांना क्षमा केलीत. देवाच्या स्वाधीन झालात." रोगी थकून डोळे मिटायचा. घरच्यांना वाटे, बोलून झाले. खरे तर काहीच बोलून झालेले नसे.

तोतरीच्या शेजारी एक हट्टी म्हातारा होता. मनाविरुद्ध लग्न केले म्हणून त्याने आपल्या मुलीला घराबाहेर काढले होते. तो अंथरुणाला खिळल्याचे कळताच मुलगी धावत आली, पण भावांनी तिला कुंपणाबाहेरच अडवले. "आबांनी सांगितल्याशिवाय तुला आत घेणार नाही," ते म्हणाले. आणि आबांना तर बोलताच येत नव्हते.

पाळकबाबा आले, त्यांनी कान लावला. "त्यांना प्रभूचं नाव घ्यायचंय," असे म्हणून प्रार्थना केली आणि ते पुढच्या घरी गेले. तोतरी तिथे पाणी घेऊन आली होती. तिने म्हाताऱ्याचे डोळे पाहिले आणि त्याला दुसरेच काही सांगायचे आहे, हे तिला लगेच उमगले. दुसऱ्याने आपल्या तोंडात शब्द कोंबला की आपला शब्द कसा आत पळतो, हे तिच्याइतके कुणाला माहीत होते?

ती खाटेजवळ बसली. "घ... घाई नाही, आबा," ती म्हणाली. "मी ब... बसलेय."

म्हाताऱ्याने तोंड उघडले. नुसती घरघर. "पाणी हवंय का?" मुलाने विचारले. तोतरीने हाताने त्याला गप्प केले. बऱ्याच वेळाने एक शब्द आला, "पोरीला..." भिंतीवरचे ऊन खाली उतरले तेव्हा दुसरा आला, "आत..." आणि ऊन उंबऱ्याबाहेर गेल्यावर तिसरा, "घ्या."

मुलगी आत आली. बापाच्या पायांवर डोके ठेवून ती ओक्साबोक्शी रडली. त्याच दिवशी म्हातारा गेला.

मग घरोघरून तोतरीला बोलावणे येऊ लागले. तिच्या बसण्याने एकही माणूस वाचला नाही, हे मी लपवणार नाही. पण ती जिथे बसली तिथला माणूस आपले बोलणे छातीत घेऊन गेला नाही.

शेवटी रोगाने पाळकबाबांनाच गाठले. ती गोड वाणी बंद पडली. मंडळीतले वडीलधारे भोवती जमले आणि त्यांची वाक्ये पुरी करू लागले. पाळकबाबांनी खाटेवर मूठ आपटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या तोतरीकडे बोट केले.

ती जवळ बसली. "ब... बोला, बाबा."

"प्रभू... वधस्तंभावर..." ते थांबले. छाती वरखाली होत होती. "तोही... तुटक तुटकच... बोलला. एका दमात... नाही." त्यांनी तिचा हात धरला. "मी तुला... उपाशी ठेवलं... शांतवंती." मग वडीलधाऱ्यांकडे पाहून म्हणाले, "हिला... भाकर..." आणि श्वास थांबला.

वाक्य अर्धेच राहिले. या वेळी ते कुणीही पुरे केले नाही.

पुढच्या सणाला प्रार्थनामंदिर निम्मे रिकामे होते. शांतवंती उभी राहिली. "मी वि... वि..." मंडळी गप्प बसून राहिली. मुले चुळबुळली, भाकर धरणाऱ्या वडीलधाऱ्याचा हात भरून आला, पण तिच्या तोंडात कुणी शब्द घातला नाही. पुढच्याच बाकावर म्हाताऱ्याची मुलगी डोळे पुसत होती. किती वेळ लागला ते कुणी पाहिले नाही. अखेर "आ... आमेन" आला आणि तिच्या हातावर भाकरीचा तुकडा पडला. रिकाम्या बाकांकडे पाहत तिने तो रडत रडत खाल्ला.

तिची गाठ मरेपर्यंत सुटली नाही. ती सोडव म्हणून तिने पुन्हा कधी मागितलेही नाही. देवाने ती का राहू दिली, हे मला विचारू नका. पण ती सुटली असती, तर त्या मरणाऱ्यांजवळ थांबणारे गावात कुणी नसते, एवढे मला दिसते.

बोध : जी उणीव काढून टाक म्हणून आपण देवाच्या पाया पडतो, तिलाच हाताशी धरून तो आपल्याकडून त्याचे काम करून घेतो.