झिजलेल्या मुठीचं पिस्तूल

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तो राजा कोण आणि ते राज्य कुठलं, हे सांगणाराही आता उरला नाही. गोष्ट मात्र उरली, कारण तिच्यातली चूक आपण अजून करतोच.

त्या राज्यात एक घाट होता. घाटाच्या तोंडाशी नाका होता आणि नाक्यावर दोन राखणदार होते, एक वयानं मोठा आणि एक धाकटा. त्यांच्याजवळ सहा बारांची, चाक फिरणारी पिस्तुलं असत. दर खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की कोठीवाला घोंगडीवर पिस्तुलं मांडी. राखणदार त्यातून आपापलं निवडत.

निवडायची रीत ठरलेली होती. जितकी मूठ झिजलेली, तितकं पिस्तूल चांगलं. रीत उगाच पडली नव्हती. जुनी पिस्तुलं एकेका कारागिरानं महिना महिना बसून घडवलेली होती. नवी कारखान्यातून शेकड्यानं येत, आणि घाईच्या कामाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कुणाचं चाक अडे, कुणाचा बारच उडेना.

त्या वर्षी घाटात बिबट्या माजला होता. भरदिवसा वाटसरूंवर झडप घालत होता. मोठ्या राखणदाराची बहीण नवरात्रात माहेरी आली होती. कोजागिरी झाली की तान्ह्या लेकीला घेऊन ती त्याच घाटातून सासरी जाणार होती. म्हणून भावाला यंदा सगळ्यात भरवशाचं पिस्तूल हवं होतं.

जुनी पिस्तुलं एव्हाना मोडीत निघाली होती; घोंगडीवर त्या दिवशी सगळी नवी होती. झिजलेलं एकच. मोठ्यानं ते झटकन उचललं. धाकट्यानं नाइलाजानं नवं घेतलं.

शेजारी शस्त्रांना धार लावणारी म्हातारी शिकलगारीण बसली होती. ती म्हणाली, "अरे, ही मूठ चारी बाजूंनी सारखीच झिजलीय."

"म्हणजे चांगली झिजलीय," मोठा राखणदार म्हणाला.

"माणसाचा हात असा घासत नाही रे. अंगठा टेकतो तिथं खळगा पडतो. सगळीकडे सारखी घासते ती वाळू."

राखणदार गोंधळला. "मग हे जुनं की नवं, आजी?"

"ते मला कशाला विचारतोस? चालवून बघ."

पण त्याला ते पटेना. मुरलेल्या शस्त्राची परीक्षा घ्यायची म्हणजे वडीलधाऱ्यांचा अपमान करायचा, असं त्याला वाटलं. त्यानं पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं आणि कमरेला खोचलं.

कोजागिरी झाली. बैलगाडी घाटात शिरली. पुढे मोठा चालला होता, मागे धाकटा. तिसऱ्या वळणावर बिबट्यानं कातळावरून उडी घेतली. मोठ्यानं चाप ओढला. खट् असा आवाज झाला आणि चाक अडलं. बहीण मागे, बिबट्या पुढे. तो तसाच हात आडवा करून उभा राहिला. बिबट्यानं तो हात फाडला. तेवढ्यात मागून धाकट्याचे दोन बार झाले आणि जनावर कोसळलं.

बहीण वाचली, तान्ही वाचली. राखणदाराचा हातही राहिला, पण त्याची बोटं पुन्हा मिटली नाहीत.

शिकलगारीण त्याला बघायला आली. तो म्हणाला, "आजी, जुन्यानं दगा दिला."

"जुनं कुठं होतं ते? नवंच होतं. नवी कुणी घेईना म्हणून राजा कोठीवाल्यावर रागावे, तेव्हा त्यानं हे वाळू आणि चिंच लावून घासलं. आता कबूल झालाय, नोकरीही गेली त्याची."

"म्हणजे नवंच वाईट."

"धाकट्याचंही नवंच होतं. त्याच घोंगडीवरचं."

"मग नवं चांगलं?"

"तेही अडत होतं. त्यानं कोजागिरीपर्यंत रोज मातीच्या ढिगात बार काढले. अडलं की माझ्याकडे येऊन कानशीनं घासून नेई."

राखणदाराचं डोकं गरगरलं. "मग आपले बापजादे जुनंच का घ्यायचे?"

"कारण ते रोज चाललेलं असे. रोजच्या परीक्षेतून निघालेलं असे. तुम्ही परीक्षा विसरलात आणि झीज तेवढी लक्षात ठेवलीत."



पुढच्या खंडेनवमीला त्याच्या जागी नवा राखणदार आला. घोंगडीपाशी उभा राहून तो बुचकळ्यात पडला. "काका, जुनं घेऊ की नवं?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही," म्हातारीशेजारी बसलेला आधीचा राखणदार म्हणाला आणि त्यानं आपला वाकडा हात मातीच्या ढिगाकडे दाखवला. "आधी तिथं सहा बार काढ. मग निवड."

तात्पर्य : जुनं म्हणून भरवसा ठेवू नये, नवं म्हणून संशय घेऊ नये, भरवसा ठेवावा तो पारखलेल्यावरच.