शैवालनाथाची तीन कुंडे

एका राज्यात नदी नव्हती. पाणी होते ते जमिनीच्या पोटात. समुद्राकाठच्या रानात खडक खचून तीन खोल, गोल कुंडे झाली होती, आणि त्यांतले गोडे पाणी इतके नितळ की वरून टाकलेला मोहरीचा दाणा तळाला टेकेपर्यंत दिसावा. त्या पाण्याचा राखणदार होता शैवालनाथ नावाचा मांत्रिक.

दर वैशाखात राजा कीर्तिध्वज परिवारासह समुद्रकाठी विसाव्याला येई. त्या वर्षी धाकटा राजपुत्र अरुणध्वज सात मित्रांना घेऊन मोठ्या कुंडावर पोहायला गेला. राजघराण्याच्या रीतीप्रमाणे आठही जणांनी अंगाला केवड्याचे तेल चोपडले, वर चंदनाचे उटणे लावले, आणि तसेच पाण्यात उड्या घेतल्या. वर कोणी आले नाही. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला आणि खाली आठ पांढरे मासे फिरू लागले. त्यांना डोळे नव्हते.

वाटाड्यांचा नायक वज्रबाहू चाळीस सेवक आणि पालखी घेऊन शोधाला गेला. कुंडाच्या जागी त्याला सपाट खडक लागला. दुसऱ्या खेपेलाही तेच. राजाने अन्न सोडले.

राजकन्या मृणालवतीने मात्र रडणे आवरले. ती किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या चांगुणा कोळिणीपाशी गेली आणि वाट विचारली. म्हातारी हातातले काम न थांबवता म्हणाली, "पाण्यात तेल पडल्यापासून गर्दीला कुंड तोंड दाखवत नाही, बाय. एकटी जा. जिथं उंबर, तिथं पाणी."

वज्रबाहूने आडवे येऊन सांगितले की पालखीवाचून राजकन्येने रानात जाण्याचा प्रघात नाही. मृणालवतीने भाकरीचे गाठोडे बांधले आणि त्याच्या बाजूने पुढे निघून गेली.

दोनदा ती वाट चुकली. तिसऱ्यांदा उंबर दिसला, आणि त्याच्या मुळांखाली पहिले कुंड निघाले. काठावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता.

"पालखी कुठे सांडली, राजकन्ये?" त्याने विचारले.

"घरी आहे. माझा भाऊ कुठे आहे ते सांग."

"तिसऱ्या, मोठ्या कुंडात. आज त्रयोदशी. पौर्णिमेला भर दुपारी समुद्राला उधाण येईल आणि खारे पाणी तळातून वर चढेल. हे मासे गोड्या पाण्यातले. खाऱ्यात जगायचे नाहीत."

वाट मात्र त्याने सांगितली नाही. भावाला सोडवायच्या तीन अटी होत्या; एकटीने यायचे ही पहिली, ती पुरी झाली. दुसरी अट दुसऱ्या कुंडाशी, एवढे बोलून त्याने पाण्यात सूर मारला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या उंबराखाली दुसरे कुंड सापडले. मृणालवतीने पाऊल बुडवले, तोच पाणी हातभर मागे सरले. पुन्हा बुडवले, पुन्हा सरले. तिने सकाळी तेलाचे बोटही लावले नव्हते. पण जन्मापासूनचे तेल केसांत मुरले होते, त्याचे काय?

तिने रानातले रिठे गोळा केले, दगडाने ठेचले, वाळक्या भोपळ्याने पाणी वर ओढले आणि काठापासून पन्नास पावले लांब जाऊन केस धुतले. पाऊल टाकताच पाणी मागे सरले. पुन्हा धुतले. पाणकावळा वरून मोजत होता आणि हसत होता. हाताची कातडी सुरकुतली, डोळ्यांत फेस गेला, दिवस कलला. सातव्या धुण्यानंतर तिने पाऊल टाकले तेव्हा पाण्याने तिला आत घेतले. अंगावर तेलाचा थेंब नसावा, ही दुसरी अट पुरी झाली. पाण्याखाली एक भुयार होते. काठावर रात्र काढून पौर्णिमेच्या पहाटे ती त्यातून पोहत तिसऱ्या कुंडात निघाली.

तिथे खडकावर शैवालनाथ बसला होता. त्याच्या दाढीत शेवाळ होते आणि शेवाळात बारके झिंगे.

"माझा भाऊ परत द्या," मृणालवती म्हणाली.

"मी त्याला घेतले नाही. तवंगाने उजेड अडवला, आणि उजेडावाचून जो पाण्यात राहतो त्याचा असा मासा होतो. तवंग काढ. ज्या घराने तो घातला, त्याच घराने काढायचा. ही तिसरी अट."

तिने ओंजळीने तेल उपसले. ते बोटांतून निसटले. पदराने टिपू गेली तर पदर पाण्यानेच जड झाला. सूर्य वर सरकत होता. तेवढ्यात काठावरच्या सावरीच्या झाडाची बोंडे तडकली आणि कापसाचा एक पुंजका पाण्यावर येऊन पडला. तो बुडाला नाही, भिजलाही नाही. मात्र हळूहळू पिवळा पडला. मृणालवतीने तो उचलून हुंगला. केवड्याचा वास आला.

मग ती थांबली नाही. सावरीवर चढायचे, काटे सोसायचे, ओटीभर कापूस आणायचा, पाण्यावर पसरायचा, पिवळा झाला की काठापलीकडे टाकायचा. तळाशी खारे पाणी शिरले. खालचा थर धुरकट होऊन थरथरू लागला. आठही मासे त्याच्यापुढे पळत वर आले. कुंडाच्या कपारीखाली तवंगाचा शेवटचा तुकडा उरला, आणि ओटीतला कापूस संपला.

"दमलीस," शैवालनाथ म्हणाला.

"दमले. कापूस आणून बसते."

रक्ताळलेल्या हातांनी ती पुन्हा झाडावर चढली. शेवटचा पुंजका पिवळा झाला तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर होता. उजेडाचा खांब सरळ तळापर्यंत गेला. आठ माशांना आधी डोळे आले, मग हातपाय, आणि आठ तरुण धापा टाकत काठाला लागले.

अरुणध्वजाने बहिणीकडे निरखून पाहिले. "ताई, तुझ्या केसांचा काथ्या कुणी केला?"

"तुझ्या केवड्याने," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आले. तो तिचे काटे काढीत बसला.

शैवालनाथाने पाण्यावर हात फिरवला. खारा थर तळातून समुद्राकडे परतला आणि सपाट खडकाचा भ्रम तीनही कुंडांवरून उठला. विसाव्याचे उरलेले दिवस राजाने पालखी बंद ठेवली. रोज ज्याने त्याने आपापला उंबर शोधावा, लांबवर अंग धुवावे आणि मग कुंडात उतरावे, अशी आज्ञा झाली. पहिल्या दिवशी रिठे ठेचायला राजा स्वतः बसला. वज्रबाहू तेवढा संध्याकाळपर्यंत रानात हिंडत होता.

खारे समुद्राला मिळाले, गोडे राज्याला मिळाले, आणि बहिणीला भाऊ मिळाला.